जुनी एटीव्ही घरच्या घरी उभी करायची असेल तर आधी काय, नंतर काय

जुनी एटीव्ही, म्हणजे कच्च्या रस्त्यावर, चिखलात चालणारी जाड टायरांची उघडी गाडी, हाताशी आली की पहिली खाज येते ती सगळं खोलून टाकायची, आणि खरं सांगू का, बहुतेक गाड्या तिथेच संपतात. फ्रेम एका कोपऱ्यात, इंजिन दुसऱ्या कोपऱ्यात, नटबोल्ट सगळे एकाच डब्यात मिसळलेले, आणि मग एक दिवस ते सगळं भंगारात जातं. गाडी चांगली असते हो, फक्त खोलायची घाई नडते. म्हणून मी सगळ्यांना एकच सांगतो, आधी मोजा, मग खोला, आणि एका वेळी एकच सिस्टीम खोला. ती पूर्ण झाली, परत बसली, तपासून झाली, की मगच पुढची.

जुनी म्हणजे नेमकी कुठली ते आधी बघू, कारण त्यावर पुढचं बरंच ठरतं. होंडाने १९७० मध्ये फुग्यासारख्या जाड टायरांची तीनचाकी काढली, मग सुझुकीची क्वाडरनर एलटी १२५ आली १९८३ च्या मॉडेलची, आणि तिथून चारचाकीचा जमाना सुरू झाला. तीनचाकी वळणावर उलटायची म्हणून अमेरिकेत १९८८ मध्ये कंपन्या आणि सरकार यांच्यात करार होऊन नवीन तीनचाकी विकणं बंदच झालं, आजही कोणाकडे ती असेल तर दुरुस्त जरूर करा पण चालवताना ती चारचाकीसारखी वागत नाही हे लक्षात असू द्या. आज घरी दुरुस्तीला येतात त्या बहुतेक ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या, होंडा फोरट्रॅक्स ३००, कावासाकी बायू २२०, यामाहा वॉरियर ३५०, पोलारिस ट्रेल बॉस असल्या. यातल्या बऱ्याचशा एअर कूल्ड, कार्बोरेटरवाल्या, साध्या सीडीआय इग्निशनच्या (सीडीआय म्हणजे ठिणगीची वेळ सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक डबा), म्हणजे लॅपटॉप न लावता फक्त पाने, मल्टिमीटर आणि धीर यावर दुरुस्त होणाऱ्या. बॅन्शी ३५० सारखी टू-स्ट्रोक वॉटर कूल्ड गाडी असेल तर तिचं थोडं वेगळं, ते खाली येईलच.

पहिली गोष्ट मिळवायची ती म्हणजे त्याच मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल. टॉर्क किती (बोल्ट किती जोराने आवळायचा), टॅपेटचा गॅप किती (व्हॉल्व आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातली फट), फ्लोटची उंची किती (कार्बोरेटरमधला तरंगता भाग), स्टेटरचे ओहम किती (फ्लायव्हीलमागची वीज बनवणारी कॉइल), हे सगळे आकडे त्यात असतात, आणि ते नसतील तर तुम्ही मोजाल काय आणि ताडून बघाल कशाशी? मॉडेलचं वर्ष माहीत नसेल तर फ्रेमवर १७ अक्षरांचा नंबर असेल तो बघा, अमेरिकन बाजारासाठी बनलेल्या गाड्यांवर त्यातलं दहावं अक्षर मॉडेलचं वर्ष सांगतं, उदाहरणार्थ जे असेल तर १९८८. विकणारा सांगतो त्या वर्षावर पार्ट मागवू नका, कारण मधल्या काळात कोणीतरी दुसऱ्याच वर्षाचं इंजिन बसवलेलं असणं अगदी कॉमन आहे, इंजिनचा नंबर वेगळा बघा.

खोलण्याआधीची पाहणी

गाडी नीट धुवा, पण प्रेशर वॉशरचा फवारा बेअरिंगच्या सीलवर, कार्बोरेटरवर आणि वायरींच्या जोडांवर मारू नका. धुतल्यावर चारही बाजूंनी भरपूर फोटो काढा, केबल कुठून कशी वळलीये, होस कुठे जातो, वायर कुठल्या बाजूने बांधलीये, हे सगळं नंतर डोक्यात राहत नाही. मग गाडी पक्क्या स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर कधीच काम करू नका.

आता प्रत्येक चाक वरून आणि खालून धरून हलवा, मग डावी-उजवीकडून धरून हलवा. वर-खाली खटखट वाजलं तर चाकाचं बेअरिंग किंवा बॉल जॉइंट, डावीकडे-उजवीकडे वाजलं तर टाय रॉड एंड किंवा स्टिअरिंगचा बुश, दोन्हीकडे वाजलं तर बहुतेक बेअरिंगच. मागचा अ‍ॅक्सल पकडून उचलून बघा, तिथे प्ले, म्हणजे ढिलेपणा, असेल तर अ‍ॅक्सल कॅरिअरची बेअरिंग गेली. कोणीतरी दुसऱ्याला चाक हलवायला सांगा आणि तुम्ही जोडावर बोट ठेवा, नेमकं कुठे हलतंय ते बोटाला लगेच कळतं.

फ्रेमवर टॉर्चचा उजेड टाकून नीट बघा. क्रॅक बहुतेक ठराविक जागी जातात, शॉकअ‍ॅब्सॉर्बर जिथे बसतो तिथे, ए-आर्मच्या कानांवर, स्विंगआर्मच्या पिव्हटजवळ, फूटपेगच्या जोडावर. रंगात केसासारखी बारीक गंजाची रेघ दिसली तर तिथे क्रॅक आहे असं धरून चाला आणि रंग खरवडून बघा. फ्रेम वाकलेली किंवा चार ठिकाणी तुटलेली निघाली तर तिथेच थांबून विचार करा, कारण इंजिन दुरुस्त होतं, वाकडी फ्रेम घरी सरळ होत नाही.

आणि आता सगळ्यात महत्त्वाची तपासणी, जिला दोन मिनिटं लागतात आणि जी फार लोक करतच नाहीत. एअर फिल्टर काढा आणि एअरबॉक्सपासून कार्बोरेटरकडे जाणाऱ्या रबरी बूटमध्ये, म्हणजे फिल्टरच्या आतल्या बाजूला, स्वच्छ बोट फिरवा. बोटाला नुसतं तेलकट काही लागलं तर ठीक. पण खरखरीत धूळ लागली, म्हणजे बोटं एकमेकांवर घासली की कचकच जाणवली, तर समजा की हे इंजिन धूळ खात चाललंय, आणि धूळ खाल्लेल्या इंजिनात रिंगा, पिस्टन, सिलिंडर तिन्ही घासलेले असणार. जुन्या एटीव्हीचं इंजिन लवकर मरण्यामागे हेच कारण फार वेळा सापडतं. फोमचा फिल्टर जुना झाला की हातात घेताच त्याचा भुगा होतो, आणि तो भुगा कार्बोरेटरमध्ये जातो. एअरबॉक्समध्ये उंदराचं घरटं पण सापडतं, हसू नका, पाहिल्याशिवाय किक मारू नका.

ऑइलची डिपस्टिक काढा. ऑइल दुधाळ, चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय, गाडी नदीनाल्यात बुडालेली असू शकते. पेट्रोलचा वास आला तर कार्बोरेटरची नीडल (पेट्रोल अडवणारी सुई) गळतेय आणि टाकीतलं पेट्रोल इंजिनमध्ये उतरतंय. दोन्ही केसमध्ये त्या ऑइलवर इंजिन चालवायचं नाही.

इंजिन फिरतंय का

प्लग काढा आणि हळूच किकने किंवा पुल स्टार्टरने फिरवून बघा. फिरत नसेल तर जोर लावू नका, कारण जाम झालेल्या रिंगेवर हिसका दिला की रिंग तुटते आणि सिलिंडरला चर पडते. प्लगच्या भोकातून गंज सोडवणारं तेल सोडा, निम्मं ऑटोमॅटिक गिअरचं ऑइल आणि निम्मं अ‍ॅसिटोन असं मिश्रण पण लोक वापरतात आणि ते काम करतं (अ‍ॅसिटोन पटकन पेट घेतं, उघड्यावर करा). काही दिवस राहू द्या, अधूनमधून थोडं थोडं टाका, मग क्रँकच्या नटाला पाना लावून किंचित पुढे, किंचित मागे. सुटलं तर ठीक, नाही सुटलं तर हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, खोलावंच लागेल.

फिरत असेल तर कॉम्प्रेशन मोजा. थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवा, नाहीतर आकडा खोटा कमी येतो, आणि सुई वाढायची थांबेपर्यंत फिरवत राहा. इथे एक मेख आहे, अनेक फोर-स्ट्रोक इंजिनांमध्ये स्टार्टिंग सोपं जावं म्हणून कॅमवर डीकॉम्प्रेसर असतो, तो एक व्हॉल्व किंचित उघडा ठेवतो आणि गेजवर आकडा फारच कमी दिसतो, तेव्हा मॅन्युअलमध्ये तुमच्या इंजिनसाठी काय दिलंय तेच खरं. आकडा कमी आला तर एक चमचाभर ऑइल प्लगच्या भोकातून टाका आणि परत मोजा. आकडा वर गेला तर रिंगा गेल्यात, तसाच राहिला तर व्हॉल्व नीट बसत नाहीत.

पण व्हॉल्वना दोष द्यायच्या आधी टॅपेट बघा. इंजिन गार असताना, पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या अगदी वर आणून, म्हणजे फ्लायव्हीलवरची टी खूण खाचेसमोर आली पाहिजे आणि दोन्ही रॉकर हाताने हलले पाहिजेत. रॉकर हलत नसतील तर तुम्ही एक फेरा चुकलात, क्रँक आणखी एकदा पूर्ण फिरवा. फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) आत सरकताना किंचित अडकल्यासारखी लागली पाहिजे. हा गॅप मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास असतो, म्हणजे फार बारीक काम आहे, आणि जुन्या गाडीत व्हॉल्व सीटमध्ये घुसत जाऊन गॅप कमी कमी होत शेवटी शून्य झालेला असतो, मग व्हॉल्व पूर्ण बंदच होत नाही, कॉम्प्रेशन जातं, गाडी गार असताना चालू होत नाही. नुसता टॅपेट सेट करून चालू झालेली इंजिनं खूप आहेत, आणि त्यांच्या मालकांनी आधीच पिस्टन किट मागवून ठेवलेलं असतं.

अजून पक्कं हवं असेल तर लीकडाऊन टेस्ट, पिस्टन वर असताना सिलिंडरमध्ये हवा भरायची आणि कान लावायचा. कार्बोरेटरमधून फुसफुस आली तर इनटेक व्हॉल्व, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व, ऑइल भरायच्या तोंडातून आली तर रिंगा, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट.

टू-स्ट्रोकवाल्यांनो, तुमचं दुखणं वेगळं. क्रँकचे सील वाळून कडक झाले की तिथून हवा आत ओढली जाते, मिश्रण लीन होतं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, आणि पिस्टन वितळतो. नवीन पिस्टन टाकून परत तोच प्रकार होतो कारण मूळ लीक तसंच राहिलेलं असतं. म्हणून इनटेक आणि एक्झॉस्ट बंद करून क्रँककेसमध्ये साधारण ६ पीएसआय हवा भरा आणि काही मिनिटं टिकते का बघा, टिकत नसेल तर साबणाचं पाणी लावून शोधा. हे केल्याशिवाय टू-स्ट्रोकचं इंजिन चालू करूच नका असं मी म्हणेन.

स्पार्क

प्लग काढून कॅपमध्ये लावा, त्याची बॉडी इंजिनच्या धातूला टेकवा आणि फिरवा, पण भोकापासून लांब धरा, आत पेट्रोलची वाफ असते. निळी कडक ठिणगी हवी. पिवळट, कधी येते कधी नाही असली नको. स्पार्क नसेल तर लगेच सीडीआय मागवायला धावू नका, तो सगळ्यात शेवटचा संशयित ठेवा. बऱ्याच जुन्या गाड्यांमध्ये किल स्विच हा वायरला अर्थ देऊन इंजिन बंद करतो, तेव्हा त्या स्विचचं कनेक्शन काढून परत बघा, स्पार्क आला तर स्विचच खराब. मग प्लग कॅप, ती वायरवर स्क्रूसारखी बसते, काढून वायरचं टोक थोडं कापून परत बसवा. मग मल्टिमीटरने इग्निशन कॉइल, पिकअप कॉइल आणि स्टेटर मोजा आणि मॅन्युअलच्या आकड्याशी ताडा. आणि या सगळ्याच्या आधी अर्थिंग, फ्रेमला जिथे अर्थची वायर बोल्टखाली दाबलेली असते ती काढून धातू चकचकीत होईपर्यंत घासा. जुन्या गाडीतल्या अर्ध्या इलेक्ट्रिकल तक्रारी त्या एका बोल्टखाली असतात.

फ्लायव्हील काढायची वेळ आलीच तर योग्य पुलर वापरा, हातोडा मारून काढू नका, आतली मॅग्नेट तडकतात किंवा सुटतात. काढल्यावर त्यातली चावी (फ्लायव्हीलला क्रँकवर जागेवर धरणारा छोटा धातूचा तुकडा) बघा, ती कापली गेली असेल तर फ्लायव्हील सरकून टायमिंग बिघडतं आणि स्पार्क असूनही गाडी चालू होत नाही.

चार्जिंगचं सोपं आहे, बंद गाडीत पूर्ण चार्ज असलेल्या बॅटरीवर साधारण १२.६ व्होल्ट, आणि इंजिन रेझ केल्यावर १४ च्या थोडं वर. वाढतच नसेल तर स्टेटर किंवा रेक्टिफायर, १५ च्या पुढे जात असेल तर रेग्युलेटर गेला आणि तो बॅटरी उकळवतोय.

कार्बोरेटर

इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे कारण उभ्या राहिलेल्या गाडीचं नव्वद टक्के दुखणं इथेच असतं असं माझं मत आहे.

पेट्रोल बरेच महिने पडून राहिलं की त्यातला हलका भाग उडून जातो आणि मागे चिकट व्हार्निश राहतं, इथेनॉल मिसळलेलं असेल तर ते पाणीही ओढून घेतं आणि आतलं पितळ, अ‍ॅल्युमिनियम खाऊ लागतं, मग हिरवट पांढरी पावडर दिसते. बाऊलच्या, म्हणजे कार्बोरेटरखालच्या वाटीच्या, खालचा स्क्रू सोडून जे येतं ते काचेच्या बाटलीत धरा आणि बघा, तळाशी पाण्याचे थेंब, गंज, काय काय दिसतं. टाकी पण रिकामी करा, पेट्रोल कॉकच्या आतली जाळी काढून धुवा, आणि टाकीच्या झाकणातलं हवेचं भोक मोकळं आहे का बघा, ते बंद असेल तर गाडी चालू होते, थोडा वेळ मस्त चालते आणि मग आपोआप बंद पडते, लोक कार्बोरेटर दहा वेळा खोलतात आणि दुखणं झाकणात असतं.

कार्बोरेटर काढल्यावर मिक्स्चर स्क्रू आधी हलक्या हाताने पूर्ण आत फिरवा आणि किती फेरे झाले ते लिहून ठेवा, मग बाहेर काढा. आवळायचा नाही, टोक सीटमध्ये रुतलं की कार्बोरेटर गेला. त्याच्या मागे एक बारीक स्प्रिंग, एक चिमुकलं वायसर आणि एक ओ-रिंग असते, ते तिथेच चिकटून राहतं आणि क्लीनर मारला की उडून हरवतं, म्हणून आधी ते काढा.

आता पायलट जेट, म्हणजे कमी वेगाला पेट्रोल सोडणारा बारीक भोकाचा पितळी तुकडा. हा सगळ्यात बारीक, आणि गाडी फक्त चोकवर चालते किंवा आयडलला (थ्रॉटल न देता) उभी राहत नाही याचं कारण बहुतेक हाच. कीहिनच्या जेटवर ३८ लिहिलं असेल तर त्याचं भोक साधारण ०.३८ मिलिमीटर, आता विचार करा त्यात किती कचरा पुरेल. तो उजेडाकडे धरून एक डोळा मिटून बघा. भोक गोल, कडा स्वच्छ, आरपार उजेड, असं दिसलं पाहिजे. उजेड दिसतो पण भोक अर्धचंद्रासारखं दिसतं म्हणजे एका बाजूला व्हार्निश चिकटलंय, ते तसंच बसवलं तर परत सगळं खोलायला लागणार. कार्ब क्लीनरमध्ये भिजवा, मग तांब्याच्या वायरमधला एक केस किंवा नायलॉनचा धागा फिरवा. स्टीलची तार, ड्रिल, सुई काही घालू नका, पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की जेटचा नंबरच बदलला. नुसता जेट साफ करून चालत नाही, तो ज्या नळीत बसतो तिथपासून कार्बोरेटरच्या गळ्यातल्या त्या दोन-तीन बारीक भोकांपर्यंत वाट मोकळी हवी, एका टोकातून क्लीनर मारला की दुसऱ्या टोकातून पिचकारी आलीच पाहिजे. डोळ्याला गॉगल लावा, ती पिचकारी सरळ डोळ्यात येते.

फ्लोटच्या नीडलच्या टोकावर नखाला लागेल अशी गोल रेघ पडलेली असेल तर नीडल बदला. बसवल्यावर कार्बोरेटर उलटा धरून पेट्रोलच्या नळीतून हलकेच फुंका, हवा जाता कामा नये. सरळ केलं की जायला हवी. फ्लोटची उंची मॅन्युअलप्रमाणे. आणि किटमध्ये आलेले नवे जेट डोळे झाकून बसवू नका, स्वस्त किटमधल्या जेटवर नंबर एक असतो आणि भोक दुसरंच असतं, जुना मूळ जेट साफ होत असेल तर तोच ठेवा, किटमधल्या ओ-रिंगा आणि गॅस्केट घ्या.

व्हॅक्यूमवाल्या कार्बोरेटरमध्ये वर रबराचा पडदा असतो. त्याला क्लीनर लावायचा नाही, तो फुगतो. उजेडात धरून बारीक भोकं बघा.

बसवल्यावर, इंजिन आणि कार्बोरेटर यांच्या मधला रबरी जोड वाकवून बघा, आत चिरा असतात ज्या नुसत्या दिसत नाहीत. गाडी चालू असताना तिथे पाण्याचा बारीक फवारा मारला आणि आयडल बदलला तर तिथून हवा घुसतेय. एअरबॉक्सचं झाकण लावल्याशिवाय ट्युनिंग करू नका, झाकणाशिवाय हवा जास्त जाते आणि तुम्ही सगळं चुकीच्या हवेवर सेट कराल.

स्क्रू आणि बोल्ट

जपानी गाड्यांचे स्क्रू दिसायला फुलीचे, पण ते नेहमीचे फिलिप्स नाहीत, जेआयएस आहेत, डोक्यावर बहुतेक वेळा एक बारीक ठिपका असतो. साधा फिलिप्स पेचकस लावला की तो वर उचलला जातो आणि स्क्रूचं डोकं खराब होतं. जेआयएसचे पेचकस आणि हातोड्याने मारायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर, हे दोन घेतलेत तर इंजिनच्या कव्हरचे स्क्रू लोण्यासारखे येतात.

अ‍ॅल्युमिनियममध्ये अडकलेल्या स्टीलच्या बोल्टला आधी तेल, मग अ‍ॅल्युमिनियमला उष्णता, मग आधी किंचित आवळायचा आणि मग सोडायचा. तुटलाच तर उरलेल्या खुंटावर नट ठेवून वेल्ड करा, वेल्डच्या उष्णतेनेच तो बऱ्याचदा सुटतो. आटे गेले असतील तर हेलिकॉइल (स्प्रिंगसारखी नव्या आट्यांची गुंडाळी) टाका, मोठा बोल्ट जबरदस्तीने घुसवू नका. आणि एक जिवाची गोष्ट, क्लोरीनवाल्या ब्रेक क्लीनरने धुतलेला भाग कधीही वेल्ड करू नका, त्या उष्णतेत फॉस्जीन नावाचा विषारी वायू तयार होतो आणि थोडासाही जिवावर बेततो. वेल्डिंगच्या आधी बॅटरी आणि सीडीआयची कनेक्शन काढून ठेवा.

ब्रेक, बेअरिंग, टायर

इंजिन चालू झालं की लोकांना लगेच चक्कर मारायची असते. नाही. आधी ब्रेक.

जुन्या एटीव्हीच्या पुढच्या ड्रममध्ये पाणी आणि चिखल साठून सगळं गंजलेलं असतं, व्हील सिलिंडर जाम झालेले असतात. ड्रम उघडल्यावर हवेने फुंकू नका, जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, ओलं करून पुसा. ड्रमचं सील आणि कव्हरची कड ठीक नसेल तर नवे शू टाकून काही उपयोग नाही, पुढच्या पावसाळी चिखलात परत तेच. ब्रेक ऑइल झाकणावर लिहिलंय तेच, डॉट ३ किंवा ४ च्या जागी सिलिकॉनचं डॉट ५ टाकू नका आणि मिसळू तर अजिबात नका. ब्रेक ऑइल रंग उतरवतं, सांडलं की लगेच पाण्याने धुवा. हवा निघतच नसेल तर खालून, ब्लीडरमधून (हवा काढायचा स्क्रू) सिरिंजने ऑइल वर ढकला, वरून तासभर लिव्हर पंप करण्यापेक्षा हे पटकन होतं.

बेअरिंग बदलताना नवं बेअरिंग रात्रभर फ्रीजरमध्ये आणि हाउसिंग हीटगनने गरम, मग ते जवळजवळ हाताने बसतं. ठोकावं लागलंच तर हाउसिंगमध्ये बसवताना फक्त बाहेरच्या रिंगवर ठोका. सील दर वेळी नवी, अपवाद नाही. टाय रॉड बदललात तर टो (पुढची चाकं आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत ते) सेट करा, टायरच्या मधल्या रेषेवर समोर आणि मागे, अ‍ॅक्सलच्या उंचीला खुणा करून टेपने मोजा.

टायरची हवा फार कमी असते, गाडीप्रमाणे २ ते ७ पीएसआयच्या दरम्यान, कारच्या गेजवर ते वाचताच येत नाही, कमी दाबाचं वेगळं गेज घ्या. मागचा अ‍ॅक्सल बहुतेक गाड्यांत सलग असतो, डिफरन्शिअल नसतो, म्हणून दोन्ही मागच्या टायरांचा घेर टेप गुंडाळून मोजा, फरक असेल तर गाडी सतत एका बाजूला ओढते. टायर रिमवर बसत नसेल तर साबणाचं पाणी लावा, टायरवर लिहिलेल्या दाबापेक्षा जास्त हवा भरू नका आणि पेटणारा स्प्रे मारून टायर उडवून बसवायची ती युक्ती तर बिलकुल नको.

गंज आणि प्लास्टिक

छोट्या लोखंडी भागांसाठी घरचा सगळ्यात चांगला उपाय म्हणजे इलेक्ट्रोलिसिस. प्लास्टिकच्या टबात पाणी, चार लिटरला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा, बॅटरी चार्जरची निगेटिव्ह वायर गंजलेल्या भागाला आणि पॉझिटिव्ह एखाद्या लोखंडी पट्टीला. ती पट्टी स्टेनलेस स्टीलची घेऊ नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. हायड्रोजन निघतो म्हणून उघड्यावर करा, जवळ ठिणगी नको, आणि अ‍ॅल्युमिनियमचा भाग त्यात टाकू नका, खाऊन टाकेल. स्प्रिंगा आणि कडक स्टीलचे बोल्ट पण नकोत, ठिसूळ होतात. बाहेर काढलं की लगेच धुऊन वाळवून प्रायमर, नाहीतर डोळ्यांदेखत परत गंज धरतो. पावडर कोटिंगला फ्रेम देताना बेअरिंगच्या जागा, आटे आणि अर्थिंगच्या जागा झाकायला सांगा.

प्लास्टिकचे फेंडर बहुतेक पॉलिथिलीन किंवा पॉलिप्रोपिलीनचे, त्यावर रंग टिकत नाही, खास प्रायमर लावूनही वाकला की निघतो. मी रंगापेक्षा मूळ रंग परत आणायच्या मताचा आहे. उन्हाने पांढरा पडलेला वरचा थर ब्लेडने हळूच खरवडा, मग ओला पॉलिश पेपर जाड ते बारीक, मग हीटगन सतत हलवत ठेवून हलकेच गरम करा, खालचा रंग वर येतो, आणि वाकून पांढरे पडलेले डागही उष्णतेने जातात. हीटगन एका जागी थांबली की प्लास्टिक लोंबतं. फट असेल तर तिच्या टोकाला छोटं भोक पाडा म्हणजे ती पुढे जात नाही, मग त्याच जातीच्या प्लास्टिकने वेल्ड करा, मागच्या बाजूला प्लास्टिकचं नाव कोरलेलं असतं.

पहिल्यांदा चालू करताना

ऑइल नवीन, आणि क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असेल तर जासो एमए (अशा ओल्या क्लचसाठीच्या ऑइलचं जपानी प्रमाण) लिहिलेलंच, कारचं इंधन वाचवणारं ऑइल टाकलं तर क्लच सटकतो. प्लग काढून थोडा वेळ क्रँक फिरवा म्हणजे ऑइल वरपर्यंत चढेल. बाहेर मोकळ्यावर चालू करा, बंद खोलीत सायलेन्सरचा धूर जीव घेतो. थ्रॉटल अंगठ्याने दाबून सोडा, आपटून बंद झाला पाहिजे. मग इंजिन आयडलवर ठेवून हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळवा, आवाज वाढला तर केबल कुठेतरी ओढली जातेय, ते दुरुस्त केल्याशिवाय गाडीवर बसू नका. किल स्विचने इंजिन बंद होतंय का तेही बघा.

पहिली चक्कर सपाट जागी, हेल्मेट घालून, एकट्याने, हळू. गार झाल्यावर चाकांचे नट, अ‍ॅक्सलचा नट, स्टिअरिंगचे बोल्ट परत टॉर्क करा, कॉटर पिना बघा. चेनचा ढिलेपणा परत मोजा, नवी चेन पहिल्या काही तासांत ताणते. पहिलं ऑइल लवकर काढून टाका, त्यात पांढऱ्या कपड्यावर धातूची चमचम दिसते का बघा, थोडी दिसणं नव्या रिंगांमुळे ठीक, पण नखाएवढे तुकडे आले तर इंजिन परत उघडा. प्लगचा रंग खाकी हवा, पांढरा असेल तर लीन, काळाकुट्ट कोरडा असेल तर रिच, म्हणजे पेट्रोल जास्त. टॉपएंड (पिस्टन, सिलिंडर, हेड) नवीन बसवलं असेल तर काही तास चालल्यावर, इंजिन पूर्ण गार करून, टॅपेट पुन्हा एकदा मोजा, कारण नव्या बसवलेल्या व्हॉल्वचा गॅप या सुरुवातीच्या तासांत थोडा बदलतो.